बटर पेपर ते बटर एफएस

1997 साली आमच्या घराची बाहेरची खोली म्हणजे माझं डीटीपीचं दुकान होतं. पेजमेकर, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचा मागे प्रिंटरच्या पोर्टला खोचलेला डाँगल आणि लेझर प्रिंटरमधून निघणारे बटर पेपर. दिवाळी अंकाचे दिवस आले की रात्री अकराला शेवटचं पान सेव्ह व्हायचं, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. बॅकअप.

डॉसमध्ये एआरजे नावाचा प्रोग्राम होता. तो सगळ्या फाइली आवळून गाठोडं बांधायचा आणि 1.44 एमबीचे तुकडे पाडत एकेक फ्लॉपी मागायचा. आवळूनसुद्धा अंक वीसेक एमबीचा व्हायचा, म्हणजे चौदा फ्लॉप्या. दोन संच करायचे म्हणून अठ्ठावीस. एक घालायची, घरघर ऐकत बसायचं, काढायची, बॉलपेनने नंबर टाकायचा. चांगली फ्लॉपी एका लयीत घरघरायची. बिघडलेली खट्‌ खट्‌ करत एकाच जागी अडून बसायची. आमच्या ह्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण आतल्या खोलीतून अंथरुणावरूनच आवाज यायचा, "सातवी गेली वाटतं!" आणि सातवीच गेलेली असायची.

पावसाळ्यात बुरशी धरायची. पत्र्याची पट्टी सरकवून आतली काळपट चकती बल्बखाली फिरवून बघायची. पांढरे ठिपके दिसले की ती फ्लॉपी बाद. औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षभर जमवायचे आणि बिस्किटांच्या डब्यात फ्लॉप्यांसोबत ठेवायचे. एवढं करून फाइल नीट परत मिळाली, पण समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर लेखकाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. म्हणून एका फ्लॉपीत नुसते फॉन्ट.

पुढे 700 एमबीची सीडी आली, मग पेन ड्राइव्ह, मग बाहेरून जोडायची हार्डडिस्क. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. सगळं मावायला लागलं, एवढंच.

आता लॅपटॉपवर लिनक्स आहे. भाच्याने बसवून दिलं. त्यातली फाइल सिस्टीम बीटीआरएफएस, 2009 साली लिनक्सच्या गाभ्यात आलेली. जाणकार तिला 'बटर एफएस' म्हणतात हे ऐकून मी हसले. माझ्यासारखीला बटर म्हणजे छपाईच्या प्लेटला जाणारा कागद. स्नॅपर नावाचा प्रोग्राम दर तासाला आपोआप स्नॅपशॉट घेतो. क्षणात होतो, कारण नक्कल होतच नाही. या घडीला कोणता मजकूर डिस्कवर कुठे आहे याची फक्त नोंद होते. नंतर काही बदललं तर नवा मजकूर दुसऱ्या जागी लिहिला जातो, जुना आपल्या जागी तसाच राहतो.

गेल्या वर्षी डिस्क भरली. नातवाच्या मुंजीचे साठ जीबीचे व्हिडिओ मी काढून टाकले, तरी मोकळी जागा तेवढीच. भाच्याला फोन लावला.

"मावशी, ट्रॅश रिकामा केलास?"

"केला रे बाबा. दोनदा."

"मग स्नॅपशॉटांनी धरून ठेवलंय."

मला सातबारा आठवला. एका भावाने नाव कमी केलं म्हणून सामायिक जमीन मोकळी होत नाही. उताऱ्यावर बाकीच्यांची नावं असतातच. इथे तर तासागणिक एक वारस उभा राहिला होता. जुने स्नॅपशॉट पुसले, तरी आकडा हलेना. पुसलेल्यांची झाडलोट पार्श्वभूमीला सावकाश चालते म्हणे. चहा होईपर्यंत जागा आली.

पुन्हा असं होऊ नये म्हणून भाच्याने माझं 'काम' नावाचं फोल्डर वेगळं सबव्हॉल्यूम, म्हणजे त्याच डिस्कवरचा स्वतंत्र कप्पा, करून दिलं. स्कॅन आणि व्हिडिओ त्यातच असायचे, ते आता स्नॅपशॉटांत साचणार नव्हते. मला पटलं. त्याच फोल्डरात मी एका आत्मचरित्राचं प्रूफही तपासत होते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी त्या फाइलीवर मी दुसरीच फाइल सेव्ह केली. घाबरले नाही. कालचा स्नॅपशॉट उघडला. 'काम' फोल्डर होतं. आत काही नव्हतं. परवाचा उघडला, त्याच्या आधीचा उघडला. नाव जागच्या जागी, आत रिकामं. एका सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट त्याच्या पोटातल्या दुसऱ्या सबव्हॉल्यूममध्ये शिरत नाही, दारावरची पाटी तेवढी दाखवतो. कुठे चूक म्हणून नाही, लाल अक्षर नाही, आणि एसएसडी तर घरघरतही नाही. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चाललंय असंच वाटत होतं.

फाइल सापडली ती कपाटातल्या बाहेरच्या हार्डडिस्कवर, तीन आठवड्यांपूर्वीची. तेवढ्या दुरुस्त्या लेखकाच्या कागदांवरून पुन्हा केल्या. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासायची ही पहिलीच वेळ नव्हती.

आता दर रविवारी मी ती डिस्क जोडते. ती जुनी आहे, आत चकती फिरते, बारीक आवाज येतो. एखादी फाइल उघडून, शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघते, आणि डिस्कवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने तारीख टाकते. आतल्या खोलीतून हे विचारतात, "कितवी?"