ताई, फॉरमॅट मारू नकोस

प्रिय ताईस,


दुकानातला माणूस कॅबिनेट न्यायला येणार आहे, 'विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो' म्हणतोय, असं तू रात्री फोनवर सांगितलंस. त्याला नको म्हणून कळव. भांडू नकोस, पण कॅबिनेट घराबाहेर जाऊ देऊ नकोस. तुझं सगळं काम त्या एका डिस्कवर आहे. इतक्या वर्षांत लावलेली पुस्तकं, आता कुठे मागून न मिळणारे जुने मराठी फॉन्ट, त्यांच्या कीबोर्डच्या मांडण्या आणि अर्धा लागलेला दिवाळी अंक. फॉरमॅट मारला तर हे सगळं परत बसवण्यात ऐन हंगामाचे दिवस जातील आणि संगणक पहिल्यासारखाच बंद पडत राहील, कारण दुखणं विंडोजचं नाहीच. नाशकात बसून मी हे एवढ्या खात्रीने का म्हणतो ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. घरात बसून संगणकावर पोट भरणाऱ्या कितीतरी जणांना हाच फॉरमॅटचा सल्ला मिळतो. म्हणून तुझ्या परवानगीने हे पत्र इतरांनाही वाचायला देतोय.

संगणक बंद पडतो म्हणजे कसा पडतो, हे आधी विचारायला हवं होतं. त्या माणसाने ते विचारलंच नाही, याचा मला राग आहे. पडद्यावर 'शटिंग डाउन' असं येऊन रीतसर बंद होत असेल, तर त्याला कुणीतरी तसा हुकूम दिलेला असतो. अपडेटने, एखाद्या प्रोग्रामने, क्वचित व्हायरसने. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला होता, तेव्हा पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. तसल्या दुखण्यावर विंडोजमध्ये हात घालणं बरोबर होतं. निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम, ड्रायव्हर, डिस्क यांच्याकडे बघायचं. तुझा संगणक मात्र लाइट गेल्यावर जातो तसा जातो. अर्ध्या शब्दावर पडदा काळा आणि कॅबिनेटचा पंखा थांबलेला. असा गेला की शोध तीनच ठिकाणी घ्यायचा: वीज नीट पोचत नाहीये, प्रोसेसर तापून यंत्र स्वतःला वाचवतंय, नाहीतर बोर्डवर कुठेतरी शॉर्ट होतंय.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली जी लाल खूण दाखवून त्याने तुला घाबरवलं, ती 'कर्नल-पॉवर ४१' ची नोंद आहे. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. ही नोंद विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना लिहितं, आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं. कारण त्यात नसतं. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य आहे, म्हणजे निळ्या पडद्याचीही नोंद नाही. कुठल्या प्रोग्रामने बंद करायला सांगितलं असतं तर १०७४ क्रमांकाची नोंद दिसली असती. तीही त्या वेळांना नाही. आणि तुला मी संगणक नुसता बायोसच्या पडद्यावर उघडा ठेवायला सांगितला होता, तेव्हा तो तिथेही गेला. बायोसमध्ये असताना विंडोज सुरूच झालेलं नसतं. ताई, फॉरमॅटचा विषय मी तिथेच संपवला.

मग उरली उष्णता, वीज आणि शॉर्ट. तुमच्या नवी मुंबईतल्या उलव्यात उष्णतेचा संशय आधी येणं साहजिक आहे. तुम्ही तिथे राहायला गेलात तेव्हा नेरूळ-खारकोपर लोकल नुकतीच सुरू झाली होती, २०१८ चा नोव्हेंबर, आणि हा संगणक त्याच हिवाळ्यातला. त्यानंतरची वर्षं त्याने कशात काढली ते आठव. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदीचा प्रवाह वळवला, अटल सेतूकडे जाणारे रस्ते झाले, प्रत्येक सेक्टरमध्ये टॉवर उठत राहिले. आता २०२५ च्या डिसेंबरपासून विमानंही उडू लागली, तरी बांधकामं संपलेली नाहीत. ही दगडाची बारीक पूड आणि त्यावर खाडीची दमट, खारट हवा. कोरडी धूळ फुंकरीने उडते. ही धूळ ओल धरते, हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर होऊन बसते आणि कनेक्टरच्या पिनांवर गंज आणते. तू दाजींना घेऊन गॅलरीत ब्लोअर मारलास, पंखा बोटाने धरून ठेवलास, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावलीस, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्यास, हे सगळं अगदी बरोबर केलंस. दर पावसाळ्यानंतर ते करत जा. (व्हॅक्यूम क्लीनर मात्र आत घालू नकोस, त्याच्या नळीवर साचलेली स्थिर वीज बोर्डाला मारू शकते.) साफसफाईनंतर पीडीएफ बनवतानाही तापमान ७० अंशांच्या वर गेलं नाही. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी मंद होतात, आणि तरीही तापत राहिले तर बंद होतात. तुझा कधी मंद झालाच नाही. उष्णतेला मी सोडून दिलं. बटणालाही. पुढचं पॉवरचं बटण अडकून दाबलेलं राहिलं तर चार सेकंदांनी संगणक असाच जातो, पण त्याची वायर बोर्डवरून काढून ठेवल्यावरही तो गेला.

आता तुझी वही. संगणक कधी जातो ते तिच्यात लिहायला लावलं तेव्हा तू वैतागलीस, पण खरं काम तिनेच केलं. पीडीएफ करतानाच जातो, असं तू मला ठासून सांगत होतीस. ते स्वाभाविक होतं, कारण पीडीएफ करताना गेला की तुझा जीव जातो आणि तेवढंच लक्षात राहतं. वहीत वेळा लिहायला लागलीस आणि चित्र बदललं. सकाळी सहा-सव्वासहा, संध्याकाळी सातच्या आगेमागे. मधल्या दुपारी, जेव्हा तू खरोखर जड काम करतेस, जवळपास काहीच नाही. आणि एका ओळीत तू सहज लिहून ठेवलंस की जायच्या आधी यूपीएसमधून 'टक्' असा आवाज आला आणि ट्यूबलाइट मंद झाली. मी ती ओळ वाचून उठून बसलो. सकाळ-संध्याकाळ त्या वेळेला तुमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो, हे तू मला बिल्डिंगच्या पाण्याच्या कटकटीबद्दल बोलताना कधीच सांगितलं होतंस. बोर्डवर शॉर्ट असता तर संगणक पंपाची वेळ पाहून गेला नसता.

पंपाची मोटर सुरू होताना, चालू झाल्यावर घेते त्याच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. लाइनचा दाब तेवढ्यापुरता खाली येतो, ट्यूब मंद होते, यूपीएसला वाटतं लाइट गेली आणि तो बॅटरीवर जातो. तो 'टक्' म्हणजे यूपीएसमधल्या रिलेचा आवाज. हे सगळं ठीकच आहे, यूपीएस त्यासाठीच असतो. मग संगणक का जातो? दुसरा कुणी म्हणाला असता यूपीएसची बॅटरी गेली, नवी टाका. म्हणून तुला टेबललॅम्पची परीक्षा करायला सांगितली. यूपीएसला फक्त दिवा जोडून भिंतीवरचं बटण बंद केलंस, दिवा लुकलुकलाही नाही आणि चालत राहिला. मग दिवा काढून संगणक जोडलास, बटण बंद केलंस, आणि संगणक गेला. यूपीएस वीज देतोय आणि संगणकाला ती मिळेपर्यंत दम निघत नाही, असा याचा अर्थ.

हा दम एसएमपीएसमध्ये असतो. कॅबिनेटमागचा तो पंखेवाला डबा २३० व्होल्टची घरातली वीज घेऊन बोर्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. त्याच्या आत एक जाडजूड कॅपॅसिटर असतो, गच्चीवरच्या टाकीसारखा. वरून पाणी थांबलं तरी थोडा वेळ नळ चालतो. हा थोडा वेळ फार थोडा असतो. आपल्याकडे विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद निभावून नेतो. तुझ्यासारखा छोटा यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांच्या आत वेळ घेतो. सगळं नवं असताना हे गणित आरामात बसतं. पण त्या कॅपॅसिटरमधलं रसायन वर्षांगणिक सुकत जातं; तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. धुळीने पंखा चोंदलेला, खोली उकडलेली, संगणक दिवसाचे बारा-चौदा तास चालू. टाकीची क्षमता कमी कमी होत गेली आणि आता ती दहा मिलिसेकंदही पुरत नाही. व्होल्टेज घसरलं की एसएमपीएस बोर्डाला दिलेला 'पॉवर गुड' हा इशारा काढून घेतो आणि बोर्ड तत्क्षणी सगळं थांबवतो. विंडोजला लिहायलासुद्धा वेळ मिळत नाही. म्हणून ती ४१ ची कोरी नोंद.

आणखी एक गोष्ट तूच मला पूर्वी सांगितली होतीस. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी तुझा हाच संगणक याच यूपीएसवर तग धरून राहिला होता, तू शांतपणे फाइल सेव्ह करून तो बंद केला होतास आणि मला फोन करून कौतुकाने सांगितलं होतंस. तेव्हा सगळी लाइन गेली तरी तो हलला नाही, आणि आज पंप सुरू झाला की जातो. यूपीएसची बॅटरी तर तू मध्ये बदललीही आहेस. मधल्या वर्षांत म्हातारा झाला तो एसएमपीएस.

तेव्हा बदलायचा आहे एसएमपीएस आणि फक्त एसएमपीएस. रॅम, मदरबोर्ड, विंडोज, यूपीएस कशालाही हात लावायचा नाही. हे मी कळकळीने सांगतोय. एका वेळी चार गोष्टी बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर कशाने झाला ते कुणालाच कळत नाही. तीन गोष्टींचे पैसे वाया जातात आणि दुकानदाराला वाटतं आपलं निदान बरोबर होतं. महिन्याला जेमतेम हाताशी काही उरणाऱ्या घरांमधून असे किती पैसे गेलेले मी इतक्या वर्षांत दुरुस्तीच्या टेबलावर पाहिले आहेत. एक गोष्ट बदल, वहीत लिही, चार दिवस बघ. याला वेळ लागतो, पण याने खरं कारण सापडतं.

तुझ्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे चांगल्या कंपनीचा, '८० प्लस ब्रॉन्झ' छाप असलेला ४५० वॅटचा पुरून उरेल. डब्यावर ५०० लिहिलेला पण हातात हलका लागणारा स्वस्त माल घेऊ नकोस. वॅटचा आकडा कुणीही छापतो. बिलावर वॉरंटीची वर्षं लिहून घ्यायची. दाजींचं ऑफिस फोर्टात आहे, ते येताना ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर बघू शकतील. त्याचं अधिकृत नाव भडकमकर मार्ग, पण तसं विचारलं तर कुणी पटकन सांगणार नाही. जुना डबा उघडून कॅपॅसिटर बदलून देतो असं कुणी म्हणालं तर घरी उघडू देऊ नकोस, आणि तू तर स्क्रू ड्रायव्हरही लावू नकोस. वायर काढल्यावरही आतला मोठा कॅपॅसिटर काही वेळ तीनशे व्होल्टच्या वर भरलेला राहतो.

आणखी एक, आणि हे आजच कर. कॅबिनेटला उघडा हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं असं तू मागे म्हणाली होतीस. ते साधं नाही. त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते सुटलंय. वायरमनला बोलावून तपासून घे, तोवर अनवाणी कॅबिनेटला हात लावू नकोस आणि सोनूला तिथे खेळू देऊ नकोस. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांग की पंप सुरू होताना सगळ्या मजल्यांवर दिवे मंद होतात. ते स्टार्टर आणि पॅनेलची जोडणी एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतील. फ्रिज, एसी, लिफ्ट, सगळ्यांनाच तो झटका बसतोय.

शनिवारी मी येतोय. ठाण्याहून नेरूळ आणि तिथून उरणची लोकल धरून खारकोपरला उतरेन, दाजींना स्टेशनवर यायला सांगू नकोस, रिक्षा मिळते. मल्टिमीटर आणि बाहेरची एक डिस्क घेऊन येतो. एसएमपीएस माझ्यासमोर बसवू, आणि सातला पंप सुरू होईल तेव्हा दोघं संगणकासमोर बसून बघू. तोवर रोज दुपारीच काम कर, पंपाच्या दोन्ही वेळांना संगणक बंद ठेव, आणि दिवाळी अंकाची पानं दर तासाला पेन ड्राइव्हवर उतरवून तो पेन ड्राइव्ह काढून वेगळा ठेव. डिस्कला असे धक्के बसत राहिले की तीही एक दिवस जाऊ शकते, आणि ते नुकसान मला भरून देता येणार नाही.

आईला सांग, मी जेवायला आहे.

तुझा,
धाकटा