परवलीचा शब्द

आमच्या विभागाच्या वाचनकक्षात वाय-फाय बसवायचे ठरले, तेव्हा सर्वांना मिळून एकच परवलीचा शब्द द्यावा, असा सोपा प्रस्ताव पुढे आला. हा शब्द मुळात छावणीतला. परवल सांगणारा 'आपला' आहे, एवढेच पहारेकऱ्याला कळते. तो कोण, हे कळत नाही.

वाय-फायचेही तसेच. १९९७च्या मानकातील 'वेप' कूटलेखन २००१मध्ये फोडता येते हे सिद्ध झाले. २००४मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. त्याचे कूटलेखन भक्कम खरे, पण सामाईक शब्द ठाऊक असलेल्या शेजारच्या वाचकाने जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण टिपली, तर आपली किल्ली त्यालाही घडवता येते. २०१८च्या डब्ल्यूपीए-३ने ही फट बुजवली. मात्र आमची जुनी यंत्रे ते जाणत नव्हती.

म्हणून आम्ही ८०२.१एक्स पद्धत स्वीकारली: प्रत्येकाचे नाव वेगळे, शब्द वेगळा, पडताळणीला रेडियस सर्व्हर, आणि प्रत्येक जोडणीस स्वतंत्र किल्ली. तोतया केंद्राला फसू नये म्हणून सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सक्तीही केली.

पण येथे एक पेच उभा राहतो. कूटलेखन आपल्याला शेजाऱ्यापासून झाकते. प्रमाणीकरण मात्र यंत्रणेच्या मालकापुढे उघडे करते. कोण केव्हा आले, किती वेळ थांबले, याची नोंद उरते. मुक्त वाचनाला अनामिकतेचा थोडा आडोसा लागतोच. तेव्हा या नोंदी कोणी पाहाव्यात आणि केव्हा पुसाव्यात, हे लेखी ठरल्यावाचून यंत्रणा सुरू होऊ नये, असा आग्रह आम्ही धरला. कुलूप निवडण्याइतकेच किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला असावा, हे ठरवणेही महत्त्वाचे असते.