पडदा बाजूला, आवाज पुढे

मंडळी, क्लायंटची डेडलाईन एकवेळ पुढे ढकलता येते, पोपच्या अंत्यविधीची नाही! पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी गेले. अंत्यविधी शनिवारी, २६ तारखेला, रोमच्या सकाळी दहाला. म्हणजे आपल्याकडे भर दुपारी दीडला. वसईतल्या दोन चर्चमध्ये तो लाइव्ह दाखवायचं ठरलं आणि "तू कॉम्प्युटरवाला ना रे?" म्हणून माझी नेमणूक झाली. (मी आठवडाभर डेटाबेसशी झटापट करतो, प्रोजेक्टरशी नाही. पण हे गावात कुणाला पटवणार?)

पहिल्या मीटिंगचा अख्खा तास पडद्यावर गेला. किती मोठा, कुठे, भाड्याने कुणाकडून. तरुण मंडळींना तो वेदीच्या बरोब्बर पुढे हवा होता. फादर म्हणाले, वेदी झाकायची नाही. पडद्यावर मिस्सा पाहणं म्हणजे मिस्सात भाग घेणं नव्हे, ती आपण संध्याकाळी वेगळी करू. मला हे पटलं. गंमत म्हणजे याच धर्मसभेने १९५८ साली असिसीच्या संत क्लेअरला टेलिव्हिजनची आश्रयदाती केलंय! आजारपणामुळे तिला चर्चला जाता आलं नाही, तर खोलीच्या भिंतीवर तिला मिस्सा दिसली, अशी कथा आहे. तेराव्या शतकातला प्रोजेक्टर, तोही बिनवायरचा.

असो. पडदा बाजूच्या भिंतीवर गेला, खिडक्यांना मंडपवाल्याचे काळे पडदे लागले. ऑफिसातल्या वाय-फायवर मी विश्वास ठेवला नाही, सरळ लॅनची वायर ओढली. ७२०पी चित्राला सलग तीन एमबीपीएस मिळाले की पुरतं. १०८०पीचा हट्ट धरून मध्येच गोल फिरणारं चक्र बघत बसण्यापेक्षा हे बरं. बॅकअपला दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट ठेवला होता. दुसऱ्या चर्चमधलं ब्रॉडबँड शनिवारी सकाळीच झोपलं, तेव्हा तोच धावून आला.

पण खरं काम लावलं ते एका आजीने. शुक्रवारी टेस्टिंग चालू असताना लाल लुगड्यातली ही आजी पुढच्या बाकावर येऊन बसली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पोरा, मला काय दिसत नाय. आवाज तेवढा नीट लाव."

आणि आवाज भयंकर होता. उंच छत, उघड्या भिंती, दगडी फरशी. एक शब्द संपायच्या आत आधीचा परत येऊन त्याच्यावर आदळत होता. अशा वेळी सगळे व्हॉल्यूम वाढवतात आणि गोंधळही वाढतो. आम्ही उलट केलं. मोठे बॉक्स बंद, बाकांजवळचे छोटे स्पीकर चालू, बेस जवळजवळ काढून टाकला. आवाजाला चौतीस मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणून मागच्या स्पीकर्सना तेवढा उशीर दिला. नाहीतर मागे बसलेल्यांना एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगवर होते, त्यातून 'हूंऽऽ' असा घुमणारा आवाज येत होता. दोन्ही एकाच बोर्डावर आणले, तो गेला. मग लॅटिन आणि इटालियन कुणाला कळणार, म्हणून एका शिक्षिकाबाईंना माईक दिला. त्या बोलायला लागल्या की मी रोम हळू करायचो.

शनिवारी बाकं भरली. घामाच्या धारा. फादरनी मोबाईल बंद करायला लावले, ते माझ्या सांगण्यावरून. इंटरनेटवरचं लाइव्ह हे छोट्या छोट्या तुकड्यांत येतं, थोडा साठा झाल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे अर्धा मिनिट मागे असणं सहज शक्य. शेजारच्याच्या फोनवर टाळ्या आधी वाजल्या तर काय उपयोग?

मध्येच प्रार्थनेसाठी शांतता झाली. आमचा एक कार्यकर्ता धावत आला, "आवाज गेला, आवाज गेला!" मी त्याला मिक्सरवरचा हिरवा दिवा दाखवला. बारीक लुकलुकत होता. रोममधला वारा, लाखो लोकांचं गप्प बसणं, सगळं येत होतं. तो तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात आजीने मागे वळून हाताने खूण केली, पंखा बंद कर म्हणून. एप्रिलमधल्या वसईत, दुपारी दोनच्या सुमाराला! कुणीतरी उठून केलाही.