वकिलीतली ओळख

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हल्ली पहिल्या वर्षापासून एकच सल्ला मिळतो: ओळखी वाढवा. लिंक्डइनवर खातं उघडा, परिषदांना जा, व्याख्यान संपलं की वक्त्याला गाठा. हा सल्ला बहुतेक अशा क्षेत्रांतून आला आहे, जिथे माणसाला आपली जाहिरात करायची मुभा आहे. वकिलाला ती नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमावलीतला 36 वा नियम काम मागत फिरायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच द्यायची सूट मिळाली. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून अशिलांना आपल्याकडे ओढणाऱ्या वकिलांचं प्रकरण 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्यायालयाने असं वागणं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मनाई इतकी कडक असल्यामुळे वकिलाचं नाव दुसऱ्याच्या तोंडूनच पुढे जातं. ते घेणाऱ्याकडे आपल्याबद्दल सांगण्यासारखं काही असावं लागतं, आणि परिषदेत चहाच्या टेबलावर भेट झाली होती, एवढ्यावर कोणी आपला अशील कोणाच्या हवाली करत नाही.

हे नाव घेतं कोण, हे नीट पाहिलं तर बराच गैरसमज दूर होईल. नाशिकच्या वकिलाचं अपील मुंबईला जायचं असतं. तो कोणाला फोन करतो? मागच्या खेपेला ज्याने आदेश झाल्याच्या संध्याकाळीच मजकूर कळवला आणि नकलेचा अर्जही लावला, त्याला. किंवा दुसऱ्या प्रकरणात अपिलात दम नाही, अशिलाचे पैसे घालवू नका, असं ज्याने स्पष्ट सांगितलं, त्याला. एखाद्या वकिलाला दोन कोर्टांत एकाच दिवशी तारीख असते, तेव्हा त्याला असा कोणी हवा असतो, जो फाइल वाचून उभा राहील आणि न्यायाधीशांनी विचारलं तर गडबडणार नाही. दोन्ही पक्ष ओळखीचे निघाल्यामुळे वकीलपत्र घेता येत नाही, तेव्हा ते प्रकरण कित्येकदा पूर्वी समोरच्या बाजूने लढलेल्या वकिलाकडे पाठवलं जातं, कारण त्याचा उलटतपास आणि त्याचा शब्द दोन्ही पाहिलेले असतात. नवख्या वकिलाचं सुरुवातीचं काम असं बरोबरीच्यांकडून आणि प्रतिपक्षाकडून येतं. नामांकित सीनियरकडून ते क्वचितच येतं, कारण त्याच्या भोवती आधीच गर्दी असते. म्हणून विद्यार्थ्याने सगळ्यात आधी आपल्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेल्या ज्युनियरांशी आणि आपल्या वर्गातल्या मुलामुलींशी नीट वागावं. कोर्टातले लिपिक आणि वकिलांचे कारकूनही यात येतात. कोणाचे अर्ज अपुरे असतात आणि कोणाचे नसतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मग शिकत असताना ही ओळख कशी करायची? विधिज्ञ परिषदेच्या शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. बहुतेक विद्यार्थी हे आठवडे दरवर्षी नव्या ऑफिसात वाटून टाकतात, म्हणजे प्रमाणपत्रांची फाइल जाड होते. माझं मत याच्या अगदी उलट आहे. चार आठवड्यांत ऑफिसला तुमचं नाव कळतं, काम कळत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच दारात परत गेलात, तर तिथला ज्युनियर तुम्हाला प्रत देतो आणि जंत्री करायला सांगतो. तारखांची ही जंत्री हेच खरं ओळखपत्र. दाव्याचं कारण कधी घडलं, नोटीस कधी गेली, मुदत कधी संपली, कोणता कागद कोणत्या पानावर आहे, हे एका पानात आलं की सीनियरला युक्तिवादाच्या आदल्या रात्री तेच पान हाताशी लागतं. तसंच न्यायनिवाड्यांचं. मिळालेला निवाडा पुढे कोणी फिरवला आहे का, हे तपासून लिहून देणारा विद्यार्थी ऑफिसच्या कायम लक्षात राहतो, कारण न तपासलेला निवाडा कोर्टापुढे ठेवण्याची नामुष्की प्रत्येक वकिलाला माहीत असते.

यावर खरा आक्षेप असा, की काम दिसायला आधी दार उघडावं लागतं, आणि ते सगळ्यांसाठी सारखं उघडत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. कोलंबियाचं आणि लंडनचं शिक्षण, ग्रेज इनची बॅरिस्टरी, पण जातीमुळे सॉलिसिटर त्यांना ब्रीफ देत नसत, आणि तेव्हा मूळ शाखेत सॉलिसिटरखेरीज बॅरिस्टरला उभं राहता येत नसे. त्यांच्याकडे आलेलं काम बरंचसं गरीब अशिलांचं होतं. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांचा बचाव त्यांनी केला, तेव्हा पुण्यात त्यांच्या वकिलीचं नाव झालं. पण हे उदाहरण गुणवत्ता शेवटी जिंकतेच, असं सांगायला वापरू नये. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला जिथे वाट पाहावी लागली, तिथे साध्या माणसाचं काय होत असेल, हे त्यातून दिसतं.

म्हणून दार उघडण्याची जबाबदारी आधी आम्हा वकिलांवर येते. ज्युनियरला शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं विधिज्ञ परिषदेने 2024 मध्ये सुचवलं, पण ती शिफारसच आहे. घरून पैसे येणाऱ्यालाच वर्ष-दोन वर्षं ऑफिसात टिकता येत असेल, तर ओळख त्यालाच होणार. विद्यार्थ्यालाही काही दारं खुली आहेत. 1987 च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि तिथे कोणाच्या ओळखीने जावं लागत नाही. लोकअदालतीच्या आधी तिथे अर्ज, कागद आणि माणसं यांचा जो राबता असतो, त्यात हात घालणाऱ्याला महिन्याभरात जिल्ह्यातले निम्मे वकील ओळखू लागतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सांगली, सातारा, सोलापूरच्या मुलांना उच्च न्यायालयाचं काम पाहायला मुंबईत खोली घ्यायची गरज उरलेली नाही.

न्यायाधीश व्हायचं ठरवलेल्यांना हे सगळं अनावश्यक वाटतं. पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्या अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने दिला, तर त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. तो देणाऱ्याला तुम्ही कोणत्या कोर्टात उभे राहिलात आणि कसं काम केलंत, हे माहीत असायला हवं. केवळ आग्रहाखातर दाखले मिळू लागले, तर ती अट कागदावरच राहील, आणि खोट्या दाखल्याच्या बळावर खुर्चीत बसलेल्या माणसापुढे उद्या आमच्याच अशिलांना उभं राहावं लागेल.