उंचीचा आसरा

आम्हां हैदराबादकरांचे आणि डासांचे नाते जुने आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये येथेच रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू प्रथम दिसले. बेगमपेठेतील ती इमारत अद्याप उभी आहे. पुढील वर्षी कलकत्त्यास त्यांनी डासांच्या दंशाने हा रोग कसा पसरतो ते सिद्ध केले, तेही पक्ष्यांवर प्रयोग करून! पक्ष्यांनाही हिवताप होतो, हे वाचून आम्हांस नवल वाटले आणि त्या नवलाचा माग काढीत आम्ही हवाई द्वीपसमूहातील माउई बेटापर्यंत पोहोचलो.

तेथे हालेआकाला नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरील अरण्यात ढग मुक्कामाला असतात. झाडे शेवाळाने मढलेली असतात. १९७३ साली आमच्याहून थोड्याच मोठ्या अशा विद्यापीठीय विद्यार्थ्यांना तेथे एक पक्षी दिसला. कोणत्याही ग्रंथात त्याची नोंद नव्हती. लांबी वीतभरही नव्हे, पाठ तपकिरी, चेहऱ्यावर काळा मुखवटा. गोगलगायी आणि किडे हे त्याचे अन्न. त्याचे नाव ठेवले पोओउली, म्हणजे काळ्या डोक्याचा.

हवाईत मुळात डास नव्हतेच. १८२६ च्या सुमारास ते जहाजांतून आले. या रोगाशी झुंजण्याची शक्ती तेथील पक्ष्यांत नव्हती. सखल रानांतले अनेक पक्षी नाहीसे झाले. थंडीमुळे डास जेथे तग धरीत नसत, त्या उंचीवरचे तेवढे वाचले. पण तेथेही रानडुकरांनी झाडोरा उकरला, उंदीर माजले. १९९८ मध्ये पोओउली अवघे तीन उरले होते. २००२ मध्ये एका मादीला नराच्या रानात नेऊन सोडले. दुसऱ्याच दिवशी ती आपल्या रानात परतली. २००४ मध्ये एका वृद्ध नराला पकडून आणले. त्याला जोडीदारीण मिळण्यापूर्वीच नोव्हेंबरात तो मेला. पोओउली त्यानंतर कोणाला दिसला नाही. प्रथम दर्शनापासून शेवटापर्यंत एकतीस वर्षे. आमच्या वडिलांच्या वयाहूनही कमी!

आता हवा तापत आहे आणि डास वर चढत आहेत. पोओउलीचे उरलेसुरले भाऊबंद तरी किती वर जाणार? डोंगराला शेवटी माथा असतो. म्हणून २०२३ पासून माउईच्या अरण्यात खास वाढविलेले नर डास सोडू लागले. ते चावत नाहीत आणि त्यांच्याशी संग झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. डासाचा काटा डासानेच काढावयाचा! आमच्या गावी सुरू झालेल्या शोधाची ही पुढची पायरी त्या इवल्या जिवांना वेळेवर लाभो.