कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आजच्या रूपात फार जुनी असणे शक्य नाही. तिच्यातला 'कोर्ट' शब्द इंग्रजी अमलाबरोबर आलेला. पायरी मात्र जुनी, आणि ती बहुधा देवळाची. पंढरपूरला नामदेव पायरीवर भाविक पाय ठेवत नाहीत, वाकून हात लावतात. कोर्टाच्या पायरीलाही पाय लावायचा नाही, पण तो आदर की धास्ती, हे म्हण सांगत नाही.

धास्तीचे कारण तालुक्याच्या कोर्टात दिसते. पट्टेवाला पुकारा करतो, वाटपाच्या दाव्यातले दोन भाऊ आत जातात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात. तारीख पडलेली असते. मराठीत तारीख पाऊस पडावा तशी पडते, ती कुणी पाडत नाही. (वकील मात्र ती 'घेतो'.) पुढे हुकूमनामा हाती आला तरी अंमलासाठी दरखास्त वेगळी. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तुंबलेली प्रकरणे चार कोटींहून अधिक दिसतात. विश्वास निकालांच्या वेगावर ठरत असेल, तर म्हण खरी.

पण मग पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचे काय करायचे? 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी त्याबद्दल त्यांचे काका आणि नवे पेशवे रघुनाथराव यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते अमलात आलेच नाही. शास्त्रीबुवांनी पुणे सोडले. रघुनाथराव 1783 मध्ये आपल्या मरणाने गेले. आजच्या भाषेत दरखास्त निष्फळ. तरीही निःस्पृह न्यायाला मराठीत 'रामशास्त्री बाणा' हाच शब्द आहे. धन्याला तोंडावर सुनावणे लोकांना पुरले असावे. किंवा जो निवाडा कुणाच्या अंगावर आलाच नाही, तो स्वच्छ राहणे सोपे असावे.

कोल्हापूरने तर म्हणीला उलटेच फिरवले. उच्च न्यायालय जवळ यावे म्हणून तिथे काही दशके आंदोलन चालले. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. पुढाकार वकिलांचा होता. ते म्हणीतल्या शहाण्यांत मोडतात का, हा भाग निराळा. पण बांधावरच्या भांडणात 'कोर्टात खेचीन' म्हणणारा आणि ही म्हण सांगणारा माणूस बरेचदा एकच असतो. पहिले तो भाऊबंदाला ऐकवतो, दुसरे घरी येऊन मुलाला.