माव्याचं निमित्त

शिरोली एमआयडीसीत वाढलेल्या आमच्या पिढीला उन्हाळी बाग म्हटलं की आधी वाळू आठवते. फौंड्रीच्या साच्यांतून निघालेली, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळलेली काळी वाळू. ती आयती मिळायची. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यांत मातीबरोबर आम्ही ती भरायचो आणि एप्रिल संपायच्या आत डब्यात वीट तयार व्हायची. त्यात लावलेला पुदिना आठवड्यात मान टाकायचा. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तीच वाळू. फुकट ते पौष्टिक!

आता कोकोपीट घरपोच येतं, बादलीत भिजवलं की फुगतं. ठिबकला वेळ लावून दिली की आपण गावाला जायला मोकळे. पुदिना असा माजतो की चटणी खाऊन कंटाळा येतो. खोटं कशाला बोला, आमच्या सगळ्या डब्यांतून मिळून एवढा पाला कधी निघाला नव्हता.

पाण्याचीही तेव्हा उतरंड होती. भांड्यांचं पाणी अळूला, आंघोळीचं कर्दळीला, आणि पिण्याच्या हंड्यातला एक तांब्या तुळशीला. मे महिन्याच्या सुट्टीत या बादल्या वाहायचं काम आम्हा पोरांकडे, आणि आम्ही ते शिव्या घालतच करायचो. संध्याकाळी मोगरा काढायचा, पण त्याआधी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, कारण दिवसभरात त्यावर भट्ट्यांची काजळी आणि महामार्गाची धूळ बसलेली असायची. मग टपोऱ्या, अजून न उमललेल्या कळ्या खुडून केळीच्या सोपात गजरा. पान पुसणाऱ्या बोटांना नखांत राहिलेल्या काळ्याचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास यायचा. तो चांगला होता असं काही म्हणवत नाही.

पण खरी बाग जमायची ती कीड पडल्यावर. जास्वंदीच्या शेंड्याला मावा चिकटला की आई डहाळीच मोडून भिंतीपाशी जायची. पलीकडून काकू, दुसऱ्या पाळीला निघालेले मामा, कोपऱ्यावरच्या वैनी, सगळे हजर.

"मावा हाय वो ह्यो. राख टाका."

"राखंनं काय हुतंय? तंबाखूचं पाणी मारा की!"

निपाणी जवळ, त्यामुळे तंबाखूला तोटा नव्हता. शेवटी मात्र निघायची ती गॅमॅक्सिन, म्हणजे बीएचसी पावडर. फडक्यात पुरचुंडी बांधून ती झाडावर आपटायची, शेजारच्या वांग्यांवरही थोडी, आणि हात परकराला पुसायचा. देशात तिच्यावर 1997 साली बंदी आली. तोवर आम्ही ती वांगी भरून खाल्ली होती. माव्यात फिरणारी, चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी काळी-नारिंगी अळी तर आम्ही शोधून चिरडायचो. ती ढालकिड्याची पिल्लं. माव्याचा फडशा पाडायला आलेली. म्हणजे आम्ही आमचीच फौज मारत होतो, आणि माव्यातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करणारे मुंगळे तेवढे निवांत.

आता किडीचा फोटो काढला की फोन तिचं नाव सांगतो. एक लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब साबण, फवारा ऊन उतरल्यावर. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी धरतात. कढीपत्त्यावरची चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी अळी लिंबावरच्या फुलपाखराची असते, हेही आम्हाला आता कळलं, आणि आम्ही दोन फांद्या तिच्यासाठी सोडून देतो. उत्तर दरवेळी बरोबर येतं. भिंतीपाशी मात्र कुणी येत नाही.

यंदा वळवाच्या आधी जास्वंदीवर मावा आला. काय करायचं ते ठाऊक होतं. तरी डहाळी मोडली आणि शेजारच्या, आता निवृत्त झालेल्या मामांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती उलटीपालटी केली, तंबाखूचं पाणी मारायला सांगितलं, आणि मग भट्ट्या, जुन्या पाळ्या, 2019 च्या पुरात बंद पडलेला हायवे असं करत अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो.

घरी येऊन मी कडुनिंबाचं तेलच मारलं. चार दिवसांनी भिंतीवरून त्यांना सांगितलं, "मामा, तंबाखूनं पार गेला बघा मावा."